सहाव्या घाताची भिंत

मार्च २०२५ च्या सुरुवातीला बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या पायथ्याशी असलेल्या शेतांत रात्री-रात्री माणसांची झुंबड उडू लागली. महामार्गाच्या कामात उपसलेली माती शेतांत पडली होती आणि तिच्यात मोगलांच्या सोन्याच्या मोहरा निघत आहेत, अशी बातमी पसरली होती. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरवर घातलेला छापा दाखवणारा ‘छावा’ हा चित्रपट काही आठवड्यांपूर्वीच आला होता, त्यामुळे बातमीला पाय फुटले. लोक बॅटऱ्या आणि फावडी घेऊन आले. काहींनी मेटल डिटेक्टरही आणले.

बऱ्हाणपूर ही मोगलांची दख्खनच्या वाटेवरची मोठी पेठ होती आणि तिथे टांकसाळही होती. तेव्हा त्या मातीत जुनी नाणी असणे अशक्य नाही. पण हातात धरायच्या यंत्राला ती किती खोलवर दिसतील, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर इतिहासात मिळत नाही, पदार्थविज्ञानात मिळते, आणि ते बरेच नेमके आहे.

आम्हा भोपाळकरांना मेटल डिटेक्टर भेटतो तो चौकटीच्या रूपात. तुलसी नगर आणि त्याच्या शेजारचे शिवाजी नगर व तात्या टोपे नगर हा सरकारी क्वार्टर्सचा भाग. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबेही इकडे आली. इथून अरेरा टेकडीवरच्या सरकारी इमारतींकडे, मॉलमध्ये किंवा विमानतळावर जाणाऱ्याला ती चौकट ओलांडावी लागते. खिशात किल्ल्या राहिल्या तर ती वाजते. ही चौकट आणि असीरगडच्या शेतात फिरणारी काठी दिसायला वेगळ्या असल्या तरी दोन्हींमागचे विज्ञान एकच आहे.

वेटोळ्यापासून धातूपर्यंत

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युतधारा वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. धारा सतत उलटसुलट होत असेल तर क्षेत्रही तसेच बदलत राहते. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले की बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात विद्युतदाब निर्माण करते, आणि क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलते तितका हा दाब जास्त असतो. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन विपुल असतात. या दाबाने ते धातूच्या आतल्या आत गोल फिरू लागतात, पाण्यात भोवरे पडावेत तसे. म्हणून या धारांना भोवरा प्रवाह म्हणतात. १८५५ मध्ये लेआँ फूको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून पाहिली. ती फिरवायला जास्त जोर लागला आणि ती तापली. भोवरा प्रवाहांचा तो स्पष्ट पुरावा होता.

फिरणारी धारा म्हटली की तिचेही चुंबकीय क्षेत्र आलेच. हे दुसरे क्षेत्र ज्या बदलातून जन्मले त्याच बदलाला विरोध करते. हा लेन्झचा नियम, १८३४ सालचा. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या उभ्या नळीतून लहानसा जोरदार चुंबक सोडून पाहा. नळीला तो चिकटत नाही, तरीही संथपणे खाली उतरतो, कारण नळीत उठलेले भोवरा प्रवाह त्याला अडवत असतात.

मेटल डिटेक्टर नेमके हेच वापरतो. एक वेटोळे बदलते क्षेत्र पाठवते, धातूत भोवरा प्रवाह उठतात, त्यांचे दुर्बळ क्षेत्र परत येते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. सोने स्वतःहून कोणताही संदेश पाठवत नाही. यंत्राला ऐकू येते ते यंत्रानेच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे गणित सरळ होते.

आपल्या शहरात एक ठिकाण असे आहे जिथे या भोवरा प्रवाहांशी रोज झुंज चालते. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून स्थापन झालेला आणि आज भेल म्हणून ओळखला जाणारा भोपाळचा कारखाना मोठे ट्रान्सफॉर्मर बनवतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सलग लोखंडाचा ठेवला तर त्यात प्रचंड भोवरा प्रवाह उठतील आणि वीज उष्णतेत वाया जाईल. म्हणून सिलिकॉनयुक्त पोलादाचे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे पत्रे एकमेकांपासून विलग ठेवून रचतात. पत्र्याची जाडी निम्मी केली की हा अपव्यय एक चतुर्थांशावर येतो. गोविंदपुऱ्यातल्या या कारखान्यातला अभियंता ज्या प्रवाहांना मारण्यासाठी धडपडतो, त्याच प्रवाहांवर दारातली चौकट जगते.

स्वतःचाच आवाज कसा टाळायचा?

अडचण अशी की परत येणारे क्षेत्र पाठवलेल्या क्षेत्राच्या मानाने अत्यंत क्षीण असते. पाठवणारे वेटोळे शेजारीच गरजत असताना टिपणाऱ्या वेटोळ्याला ते ऐकू येणार कसे? यावर दोन उपाय आहेत. पहिला तोलाचा. दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशी अर्धवट चढवायची की पहिल्याच्या क्षेत्राचा दुसऱ्यावरचा एकूण परिणाम शून्य व्हावा. धातू जवळ आला की हा तोल ढळतो आणि जे काही ऐकू येते ते फक्त धातूचे असते.

तोलाच्या या कल्पनेवर डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये उपकरण तयार केले होते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना सापडेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तोलाच्या तत्त्वावर घाईने यंत्र बांधले आणि कानाला टेलिफोनचा श्रवणभाग लावून राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून वेटोळी फिरवली. आवाज आला, पण तो एका जागेचा नव्हता, विस्तीर्ण भागातून येत होता. गादीखाली लोखंडी स्प्रिंगा असल्याचे नंतर कळले. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली होती. गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्राचे तत्त्व अचूक होते, ते चुकीच्या जागी आणि धातूच्या गराड्यात वापरले गेले.

साठ वर्षांनी याच तत्त्वाने हजारो जीव वाचवले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंता-अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला एकट्याने वाहता येईल असा सुरुंगशोधक तयार केला आणि त्याचे पेटंट न घेता तो ब्रिटिश सैन्याला दिला. १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढायला त्याचे सुमारे ५०० नग वापरले गेले.

कोनातून ओळख

धातू आहे एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो, कोणता? इथे त्रिकोणमिती मदतीला येते. यंत्र सेकंदाला काही हजार वेळा क्षेत्र उलटसुलट करते. परत येणारे क्षेत्रही तितक्याच वेगाने उलटसुलट होते, पण थोडे मागे पडून. हे मागे पडणे अंशांत मोजता येते. पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश.

लोखंडाचा खिळा चुंबकित होतो तो पाठवलेल्या क्षेत्राबरोबरच. त्याचे मागे पडणे शून्याजवळ असते. भोवरा प्रवाहांचे तसे नाही. ते क्षेत्राने उठत नाहीत, क्षेत्राच्या बदलाने उठतात, म्हणून मुळातच ९० अंश मागे असतात. त्यात धारेची स्वतःची जडता असते. धातूचा विद्युतरोध कमी आणि वस्तू जाड असेल तर ही जडता वरचढ ठरते आणि प्रवाह आणखी ९० अंशांपर्यंत मागे जातात. पातळ वर्ख, स्टेनलेस स्टीलची पट्टी यांची उत्तरे ९० अंशांच्या आसपास येतात, चांदीच्या जाड नाण्याचे १८० च्या जवळ. मधल्या कोनांवर बाकीचे धातू पसरलेले असतात. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे या कोनाचेच रूप.

हा कोन एका राशीवर ठरतो. धातूत उठलेले भोवरा प्रवाह मोकळे सोडले तर विझायला त्यांना ठरावीक काळ लागतो. विझण्याच्या या काळाला वारंवारतेने आणि २π ने गुणा. गुणाकार १ आला की कोन बरोबर १३५ अंश येतो, कमी आला तर ९० कडे सरकतो, जास्त आला तर १८० कडे. विझण्याचा काळ वाहकतेच्या सम प्रमाणात आणि आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तांब्याच्या १ सेंटीमीटर त्रिज्येच्या भरीव गोळ्यासाठी तो सुमारे ०.७४ मिलिसेकंद भरतो. त्रिज्या निम्मी केली तर चौथाई. तेवढाच गोळा स्टेनलेस स्टीलचा असेल तर काळ चाळीस पटींहून अधिक घटतो, कारण त्या पोलादाचा रोध तितका जास्त आहे. काही स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतही नाही, म्हणून ते यंत्राला सहज दाद देत नाही.

सोन्याचा १ मिलिमीटर त्रिज्येचा कण घेतला तर काळ अवघा सहा मायक्रोसेकंदांच्या घरात येतो. त्यासाठी गुणाकार १ व्हायला वारंवारता २८ हजार हर्ट्झच्या आसपास लागते. म्हणून सोन्याचे बारीक कण हुडकणारी यंत्रे जास्त वारंवारतेवर चालवतात आणि मोठ्या नाण्यांसाठीची कमी वारंवारतेवर.

यातून एक सत्य निघते, जे विक्रेते क्वचित सांगतात. कोन ठरतो तो वाहकता आणि आकार यांच्या एकत्रित परिणामाने. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे कान हे दोन्ही एकच कोन देऊ शकतात. फक्त सोने दाखवणारे आणि बाकी सगळे टाळणारे यंत्र या तत्त्वावर होऊच शकत नाही.

स्वतःचाच आवाज टाळण्याचा दुसरा उपाय वाट पाहण्याचा. वेटोळ्यातून धारेचा जोरदार झटका पाठवायचा आणि अचानक तोडायचा. पाठवणारे वेटोळे शांत झाल्यावर धातूतले प्रवाह अजून काही काळ फिरत असतात, तेवढ्यात ते ऐकायचे. शेवटी हे प्रवाह समान काळात समान प्रमाणात घटत जातात. विझण्याचा एक काळ उलटला की सुमारे ३७ टक्के उरतात, दोन उलटले की साडेतेरा टक्के. दारातल्या अनेक चौकटी याच पद्धतीने चालतात. त्यांच्या दोन्ही खांबांत वेगवेगळ्या उंचीवर वेटोळी असतात. वस्तू कमरेशी आहे की घोट्याशी, ते त्यामुळे दिव्यांवर दिसते.

खोलीचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वर्तुळाकार वेटोळ्याच्या मध्यातून सरळ खाली गेले तर क्षेत्र कसे घटते, याचे सूत्र साधे आहे. अंतराला वेटोळ्याच्या त्रिज्येने भागून येणाऱ्या संख्येला क म्हणू. केंद्रातल्या क्षेत्राला (१ + क²) च्या दीड घाताने भागले की त्या अंतरावरचे क्षेत्र मिळते. पण उत्तरालाही तीच वाट परत चालायची असते आणि परतीच्या वाटेवर तीच घट पुन्हा होते. दोन्ही मिळून भाजक होतो (१ + क²) चा घन.

हातातल्या यंत्राचे वेटोळे साधारण २५ सेंटीमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्रिज्या साडेबारा. आता आकडे घालू. साडेबारा सेंटीमीटर खोलीवर क = १, भाजक २ चा घन, म्हणजे उत्तर आठव्या हिश्शावर. २५ सेंटीमीटरवर क = २, भाजक ५ चा घन, १२५. साडेसदतीसवर क = ३, भाजक १० चा घन, १,०००. अर्ध्या मीटरवर ४,९१३. एक मीटरवर २,७४,६२५. पृष्ठभागावर खणखणीत वाजणारे नाणे मीटरभर खाली गेले की त्याचे उत्तर पावणेतीन लाखांतला एक भाग उरते.

क मोठा झाला की १ नगण्य होतो आणि उत्तर अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट, उत्तर चौसष्टावा भाग. यंत्राची धारा वाढवून ही तूट भरून काढायची म्हटली तर ती ६४ पट करावी लागेल आणि वेटोळे तापणे धारेच्या वर्गाने, म्हणजे ४,०९६ पट वाढेल. वेटोळे मोठे केले तर फायदा होतो, पण त्यालाही मर्यादा आहे. धारा आणि वेढे तेच ठेवले तर ठरावीक खोलीसाठी सर्वोत्तम त्रिज्या त्या खोलीच्या √२ पट येते. त्याहून मोठे वेटोळे उलट तोट्याचे. मीटरभर खोलीसाठी जवळपास तीन मीटर व्यासाचे वेटोळे लागेल, आणि इतक्या पसरट क्षेत्रात नाण्यासारखी लहान वस्तू हरवून जाते.

वस्तू मोठी असेल तर खोली वाढते, पण हात आखडूनच. सलग वाहकाचे उत्तर त्रिज्येच्या घनाने वाढते. घन आणि सहावा घात समोरासमोर ठेवले की खोली त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढते, असे निघते. वस्तू चौपट मोठी, खोली दुप्पट. १ सेंटीमीटर त्रिज्येचा तांब्याचा गोळा २५ सेंटीमीटरवर कळत असेल, तर १६ सेंटीमीटर त्रिज्येचा तांब्याचा हंडा त्याच यंत्राला सुमारे १.१ मीटरवर कळेल. मातीच्या मडक्यातल्या सुट्या मोहरांचे उत्तर याहून कमी असते, कारण त्या एकमेकींशी नीट जोडलेल्या नसतात आणि प्रत्येकीत वेगळा छोटा प्रवाह फिरतो.

काळ्या मातीची भर

माळवा, निमाड, खानदेश, पश्चिम विदर्भ, सगळीकडे दख्खनच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट पसरलेला आहे. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि त्या दगडाची झीज होऊन बनलेल्या मातीतही लोहयुक्त खनिजे राहतात. वेटोळे जमिनीच्या दोन बोटे जवळ गेले की माती स्वतःच उत्तर देऊ लागते, आणि खोलवरच्या नाण्याच्या उत्तरापेक्षा ते कितीतरी मोठे असते. मातीतल्या मॅग्नेटाइटचे उत्तर शून्य अंशाजवळ येते, म्हणून चांगल्या यंत्रांत त्या कोनाचा भाग वजा करण्याची सोय असते. झटका पाठवणाऱ्या यंत्रांत गोष्ट थोडी निराळी. तिथे मातीतल्या अतिसूक्ष्म लोहखनिज कणांचे उत्तर काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, तर धातूचे ठरावीक काळात ठरावीक प्रमाणात. दोन उतार वेगळे असल्याने वेगवेगळ्या क्षणी मोजणी करून माती बाजूला काढता येते. पण प्रत्येक वजाबाकीत थोडी संवेदनशीलता खर्ची पडते. बेसॉल्टच्या प्रदेशात त्यामुळे पल्ला आणखी आखडतो.

आता असीरगडचे उत्तर देता येते. अकरा ग्रॅमच्या आसपास वजनाची एखादी मोहर नांगरटीच्या थरात, म्हणजे वीतभर खोलीपर्यंत असेल तर साधे यंत्र तिला हेरू शकते. त्याखालच्या सुट्या नाण्यांना ते जवळपास आंधळे असते. वीस-तीस फुटांवरचा खजिना दाखवण्याचा दावा सहाव्या घाताच्या भिंतीवर आपटून फुटतो. आणि जे सापडेल तेही आपोआप सापडणाऱ्याचे होत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा दडलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हा कायदा आजही लागू आहे. नाणे खणून खिशात घातले की त्याचा थर, शेजारची खापरे, काळ यांची साक्ष कायमची पुसली जाते.

भिंतीची ही जाणीव नसली तर केवढी किंमत मोजावी लागते, ते इराकने पाहिले. एडीई ६५१ नावाचे हातात धरायचे ‘स्फोटकशोधक’ तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरले जात होते. किलोमीटरभर अंतरावरून स्फोटके ओळखण्याचा त्यांचा दावा होता. आत ना वेटोळे होते, ना बॅटरी. मुठीवर झुलणारी एक दांडी होती. स्फोटके नाके ओलांडून गेली आणि माणसे मेली. ही उपकरणे विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून धातू शोधणारे कोणतेही यंत्र समोर आले की तीन गोष्टी विचाराव्यात. पाठवणारे वेटोळे केवढे आहे? ते कोणत्या वारंवारतेवर किंवा झटक्यांवर चालते? केवढी वस्तू किती खोलीवर, कोणत्या मातीत दाखवते? फॅरेडेचे प्रवर्तन मुले शाळेतच शिकतात आणि (१ + क²) चा घन काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. शिक्षकांनी वरच्या आकड्यांचा तक्ता एकदा वर्गात मुलांच्या हातून करून घ्यावा. मग जाहिरातीतला खोलीचा प्रत्येक आकडा ती स्वतः तपासू शकतील, आणि त्यासाठी त्यांना कुणाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.